बाटलीतले शेवाळ, कातळावरचे शेवाळ

मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता नाशिकमध्ये जिथे एकमेकांना भेटतात, ते द्वारका. उड्डाणपूल झाला तरी चौकातली कोंडी सुटलेली नाही. द्राक्षांचे क्रेट, कांद्याच्या गोण्या, खते आणि औषधे यांच्या गाड्यांना हा चौक टळत नाही. शेतीच्या या वाहतुकीत समुद्रातून आलेली एक वस्तूही असते आणि तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. ती म्हणजे काळपट तपकिरी, किंचित खारट वासाच्या द्रवाची बाटली. लेबलवर 'समुद्री शेवाळ अर्क' असे छापलेले असते आणि शेतकरी तिला नुसते 'सीवीड' म्हणतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फुटवे निघताना, पुढे फुलोऱ्यात, मणी सेट होताना तिची फवारणी होते. समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आणि मधे सह्याद्री आडवा, तरी या जिल्ह्यातल्या अनेक बागा दरवर्षी थोडाथोडा समुद्र पानांवर घेतात. समुद्रशेवाळाची गोष्ट किनाऱ्यापासून इतक्या लांब सुरू करायला हे कारण पुरेसे आहे. आपल्या राज्यात शेवाळाला गिऱ्हाईक आहे ते इथे, घाटमाथ्यावर. शेवाळ वाढते ते कोकणात, आणि तिथे त्याची नीट मोजदादही नाही.

त्या बाटलीत नेमके काय असते? दोन मोठ्या घराण्यांपैकी एकाचा अर्क असण्याची शक्यता जास्त. पहिले अ‍ॅस्कोफायलम नोडोसम. ही उत्तर अटलांटिकची तपकिरी वनस्पती नॉर्वे, आयर्लंड, स्कॉटलंड आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर वाढते. तिच्या फांदीवर साधारणपणे वर्षाला एक हवेचा फुगा येतो, त्यामुळे फुगे मोजून फांदीचे वय काढता येते. म्हणजे वाढ संथ, आणि कापणीनंतर भरून यायला काही वर्षे लागणार. दुसरे कॅप्पाफायकस अल्वारेझी हे लाल शेवाळ. मूळचे फिलिपिन्सकडचे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने ते १९८४ मध्ये भारतात आणले आणि आज तमिळनाडूच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांना बांधून त्याची लागवड होते. त्याचा ताजा रस पिळून खत आणि उरलेल्या चोथ्यातून कॅराजीनन हे घट्टपणा आणणारे द्रव्य काढण्याची पद्धत याच संस्थेने विकसित केली. या अर्कांत बिटेन आणि सायटोकायनिनसारखी संप्रेरके असतात, ताणाच्या काळात त्यांचा पिकाला उपयोग होऊ शकतो, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. मात्र परिणाम पीक, मात्रा, वेळ आणि हवामानाप्रमाणे बदलतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांचा वर्ग आणला आणि त्यात शेवाळ अर्काला जागा दिली. विक्रीसाठी परिणामकारकतेचा आणि सुरक्षिततेचा पुरावा मागणारे हे पाऊल योग्यच होते. पण तो पुरावा पिकाच्या बाजूचा. शेवाळ कुठल्या किनाऱ्यावरून आले, लागवडीचे की रानातले, काढल्यावर तिथे काय उरले, हे प्रश्न त्या चौकटीबाहेर राहिले.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे शेवाळ कच्चा माल म्हणून मोजण्याआधी अधिवास म्हणून नोंदवले गेले पाहिजे. हा क्रम उलटला की तोटा किनाऱ्याचा होतोच, आणि काही काळाने उद्योगाचाही होतो. नोंद करायची तर आधी पाहता आले पाहिजे. म्हणून शेवाळाच्या सौंदर्याचा विषय इथे सजावटीसाठी येत नाही. कातळावरचा रंग आणि आकार ही त्या जागेच्या प्रकाशाची, लाटांची आणि पाण्याची नोंदच असते, आणि ती वाचण्यासाठी पहिल्या फेरीत तरी महागडे यंत्र लागत नाही.

मालवण, कुणकेश्वर, विजयदुर्ग, रत्नागिरी, गणपतीपुळे या पट्ट्यात पुळणींच्या मधे जांभ्याचे आणि काळ्या दगडाचे कातळ समुद्रात शिरलेले आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती मोठी, तशी ओहोटीही खोल जाते. तेव्हा हा कातळ उघडा पडतो आणि त्यावरचे पट्टे दिसतात. वरच्या अंगाला हिरवी उल्वा, कागदाइतकी पातळ, फक्त दोन पेशींच्या थरांची. जिथे लाट थेट आदळते त्या कडेवर कीटोमॉर्फाचे ताठ हिरवे झुपके असतात. फांद्या नसलेल्या या धाग्यांवरून लाटेचा जोर ओसरून जातो. त्याखाली ग्रॅसिलॅरिया आणि हिप्निया ही लाल कुळे आणि पंख्यासारखी पसरलेली पॅडिना. अगदी खाली, ओहोटीतही जेमतेम उघड्या पडणाऱ्या भागात आणि खडकांतल्या डबक्यांत सरगॅसम. त्याला बारीक हवेचे फुगे असतात, त्यामुळे पाणी आले की फांद्या उभ्या राहतात आणि पाणी गेले की आडव्या पडून स्वतःच्याच ओल्या थराखाली तग धरतात. कोण कुठवर चढू शकते ते बरेचसे उन्हात वाळणे किती सोसते यावर ठरते. खाली उतरण्याची मर्यादा मात्र चरणारे जीव आणि जागेसाठी भांडणारे शेजारी ठरवतात. बांधकामाचा गाळ कातळावर बसू लागला किंवा सांडपाण्याचा नाला जवळ फुटला, तर हे पट्टे सरकतात आणि त्यांतली कुळे बदलतात.

रंगांचेही तसेच. हिरव्या शेवाळात हरितद्रव्य उघडे दिसते. तपकिरीत फ्युकोझँथिन त्याला झाकते. लाल शेवाळातले फायकोएरिथ्रिन निळा-हिरवा प्रकाश पकडते. पाण्यात खाली जाताना तांबडा प्रकाश आधी विझतो आणि निळा-हिरवा खोलवर पोचतो, म्हणून या रंगद्रव्याचा फायदा सावलीत आणि खोलीत होतो. पॅडिनाच्या पंख्यावर पांढुरकी वर्तुळे दिसतात, तो चुना आहे. तपकिरी शेवाळांत चुना साठवणारी कुळे जवळपास नाहीतच, पॅडिना हा ठळक अपवाद. या सगळ्यांना आपण एकाच नावाने हाक मारत असलो तरी त्यांचे नाते दूरचे. हिरवे शेवाळ आंब्या-फणसाचे चुलत घराणे म्हणता येईल. तपकिरी शेवाळ मात्र जीवसृष्टीच्या अगदी वेगळ्या फांदीवर वाढले आणि त्याने आपले हरितलवक प्राचीन लाल शेवाळाला पोटात घेऊन मिळवले. यांपैकी कोणालाही मूळ नाही. तळाशी असते ती फक्त दगडाला घट्ट चिकटणारी पकड, आणि अन्न शोषते ते सारे अंग. त्यामुळे पाण्यातले नत्र-स्फुरद थेट अंगात येते, आणि जड धातूही त्याच वाटेने येतात. कातळावरचे शेवाळ असे नोंदवत पाहण्याची दृष्टी नवी नाही. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक बोर्गेसेन यांनी १९२७-२८ च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावर शेवाळ गोळा केले आणि १९३० च्या दशकात त्यावर लेखमाला लिहिली. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील उंटावले, धारगळकर, जगताप या संशोधकांनी कोकण-गोव्याच्या शेवाळांची पाहणी केली. पाया घातला गेला आहे. नाही ती दर काही वर्षांनी त्याच कातळावर परत जाऊन केलेली मोजणी.

इथे पहिला आक्षेप येतो. कोकणचे शेवाळ हंगामी आहे. पावसाळ्यात लाटा, गाळ आणि गोडे पाणी त्यातले बहुतेक उपटून नेतात, मग काढून घेतले तर बिघडले काय? पाऊस सरल्यावर ते उगवतेच. आक्षेप अर्धा खरा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कातळ पुन्हा भरू लागतो आणि साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत बहर येतो. पण उगवते ते कशातून? दगडाला चिकटून राहिलेल्या पकडींतून, बीजाणूंतून आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म अवस्थांतून. याचा प्रसिद्ध धडा जपानने शिकवला. नोरी हे खाण्याचे शेवाळ उन्हाळ्यात कुठे जाते हे तिथल्या कोळ्यांना शतकानुशतके ठाऊक नव्हते, त्यामुळे पीक येणे-न येणे नशिबावर असे. १९४९ मध्ये ब्रिटिश संशोधक कॅथलीन ड्रू-बेकर यांनी दाखवले की ते रिकाम्या शिंपल्यांच्या कवचात गुलाबी धाग्यांच्या रूपात लपून राहते. या शोधावर नोरीची आधुनिक लागवड उभी राहिली, आणि १९६३ मध्ये कुमामोतोजवळच्या उतो इथे त्यांचे स्मारक झाले. त्याच नोरीच्या कुळातले एक शेवाळ कोकण-गोव्याच्या कातळांवर ऐन पावसाळ्यात उगवते. त्याचा काळ १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीला अंशतः लागून असल्याने ते फार थोड्यांच्या नजरेला पडते. थोडक्यात, हंगामी असणे म्हणजे अविनाशी असणे नव्हे. फांदी कातरली तर शेवाळ परत येते. दगड खरवडला, तो गाळाखाली गेला किंवा भराव टाकून बुजला, तर परत येण्याची जागाच राहत नाही.

जगात शेवाळाचा अधिवास म्हणून सर्वाधिक अभ्यास झाला तो केल्पचा. ही महाकाय तपकिरी शेवाळे थंड पाण्याची. मॅक्रोसिस्टिस अनुकूल काळात दिवसाला अर्धा मीटरपर्यंत वाढते आणि तळापासून पृष्ठभागापर्यंत जंगल उभे करते. डार्विनने १८३४ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाला या जंगलांवर अवलंबून असलेली जीवसंख्या पाहून त्यांची तुलना उष्ण कटिबंधातल्या अरण्यांशी केली होती. १९७४ मध्ये एस्टीस आणि पाल्मिसानो यांनी अल्यूशियन बेटांवर दाखवले की समुद्री पाणमांजरे असतील तिथे केल्प टिकते, नसतील तिथे सागरी साळू ते फस्त करतात. उत्तर कॅलिफोर्नियात २०१३ नंतर साळू खाणाऱ्या तारामाशांवर रोग आला, पाठोपाठ समुद्री उष्णतेची लाट आली, साळू वाढले आणि काही वर्षांत तिथले नव्वद टक्क्यांहून अधिक बुल केल्प नाहीसे झाले. कोकणच्या उबदार पाण्यात केल्प वाढत नाही, म्हणून या गोष्टी परक्या वाटतील. पण त्यांतला नियम परका नाही. शेवाळाचे भवितव्य शेवाळावर एकट्यावर ठरत नाही, ते खाणाऱ्यांवर आणि त्या खाणाऱ्यांना खाणाऱ्यांवर ठरते. मालवणच्या सरगॅसमची झुडपे मीटर-दीड मीटरची असली तरी काम तेच करतात. त्यांच्या फांद्यांत बारीक कवचधारी, खेकड्यांची पिल्ले, गोगलगायी आणि माशांची पोरे आसरा घेतात. ज्या किनाऱ्यावर रापण लागते आणि कालवे काढली जातात, तिथे या आसऱ्याचा हिशेब कोणीतरी ठेवायला हवा.

कायद्यात मात्र हा हिशेब दिसत नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांत सर्वात संवेदनशील मानलेल्या भागांची यादी आहे. कांदळवने, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, जिवंत चिखलपठारे, खारी दलदल, कासवांची घरटी आणि समुद्रगवताची कुरणे तिच्यात आहेत. शेवाळाचे कातळ त्या यादीत स्वतंत्रपणे नाहीत. भरती-ओहोटीच्या पट्ट्याला म्हणून जे सर्वसाधारण संरक्षण मिळते तेवढेच त्यांच्या वाट्याला येते. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा ३.१८ चौरस किलोमीटर गाभा. तिथले शेवाळ या कुंपणात येते, बाकीच्या किनाऱ्यावरचे येत नाही. कांदळवनांची गोष्ट इथे बोलकी आहे. काही दशकांपूर्वी ती भराव टाकण्याजोगी दलदल समजली जात. मग अभ्यास झाले, नकाशे झाले, २००५ आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश आले, २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष उभा राहिला आणि २०२० मध्ये पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवन वृक्ष झाली. झाडे पूर्वीही तिथेच होती. बदलली ती नोंद, आणि नोंदीमागून संरक्षण आले. कांदळवन वर्षभर उपग्रहातून दिसते, शेवाळ दिसत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय साधा: मोजणी पंचांग पाहून करावी, बहराच्या महिन्यांतल्या उधाणाच्या ओहोटीला, ठरलेल्या कातळांवर, ठरलेल्या चौकटी टाकून. मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'च्या किनारफेऱ्यांनी दाखवून दिले आहे की जाणकारांच्या सोबतीने सामान्य माणसेही अशा नोंदी करू शकतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. किनाऱ्यावरच्या लोकांना उत्पन्न हवे. जगात २०१९ साली सुमारे ३ कोटी ५८ लाख टन शेवाळ निघाले, त्यातले ९७ टक्के लागवडीतून. त्यात भारताचा वाटा नगण्य. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद झाली. अशा वेळी अधिवास-अधिवास करत बसणे म्हणजे गरिबाच्या ताटातला घास अडवणे नाही का? उत्तर असे की लागवड आणि रानातली तोडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लागवडीतही कुठले शेवाळ हा प्रश्न उरतोच. तमिळनाडूत दोन्हींचा अनुभव आहे. पांबनच्या बाजूच्या स्त्रिया पिढ्यानपिढ्या रानशेवाळ काढतात. त्यांनीच संघटित होऊन महिन्यातले काढणीचे दिवस मर्यादित केले. त्यांच्यातल्या चिन्नपालमच्या लक्ष्मी यांना २०१५ चा सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला. राखण आणि रोजगार यांचा मेळ काढणाऱ्यांनीच घातल्याचे हे उदाहरण. दुसरीकडे, २००८ मध्ये मन्नारच्या आखातातल्या कुरुसडई बेटाच्या प्रवाळांवर कॅप्पाफायकस पसरल्याचे शोधनिबंधातून पुढे आले. ते बीजाणूंनी पसरत नाही, हाताने काढता येते, असा प्रतिवाद झाला, पण तुकड्यातून वाढणाऱ्या वनस्पतीला पसरायला बीजाणू लागत नाहीत. पुढे २०१३ नंतर याच पिकावर मोठी मर आली आणि शेतकरी अडचणीत आले. एकाच परक्या वाणावर उद्योग उभारला की धोका दुहेरी होतो: पसरले तर प्रवाळाला, मेले तर माणसाला. कोकणात तर पावसाळ्याचे चार महिने उघड्या समुद्रात तराफा टिकणे कठीण. म्हणजे बियाणे दरवर्षी जपून ठेवावे लागेल किंवा बाहेरून आणावे लागेल, आणि दर फेरीत नको ते जीव येण्याची शक्यता वाढेल. २०२४ मध्ये केंद्राने जिवंत शेवाळाच्या आयातीसाठी विलगीकरणासह मार्गदर्शक सूचना काढल्या, हे म्हणूनच महत्त्वाचे. ग्रॅसिलॅरियासारखी स्थानिक कुळे, खाड्यांतली सुरक्षित जागा, स्थानिक बियाण्याची रोपवाटिका आणि प्रवाळांपासून अंतर, या अटींवर लागवडीला विरोध करण्याचे कारण नाही. पण या अटी ठरवायच्या तर कुठे काय वाढते हे आधी माहीत लागते. मोजणीशिवाय लागवड आखणे हे माती न तपासता खत टाकण्यासारखे आहे.

तिसरा युक्तिवाद हवामानाचा. शेवाळ कर्ब शोषते, तेव्हा जितके जास्त तितके बरे, असे म्हटले जाते. २०१६ मध्ये क्राउझ-येन्सन आणि दुआर्ते यांनी अंदाज मांडला की जगातली समुद्रशेवाळे दरवर्षी सुमारे १७.३ कोटी टन कर्ब दीर्घकाळासाठी साठवत असावीत. अंदाजाची कक्षा फार रुंद होती, आणि परिसंस्थेतला श्वसनाचा हिशेब धरल्यावर किती उरते यावर नंतर वाद झाला. ज्या शेवाळाचा अर्क काढून शेतात फवारला त्याचा कर्ब तर लवकरच हवेत परततो. 'जास्त तितके बरे' हेही खरे नाही. २००८ च्या ऑलिंपिकआधी चीनच्या छिंगदाओत नौकास्पर्धांची जागा उल्वाने भरून गेली आणि हजारो माणसे लावून ती उपसावी लागली. अटलांटिकमध्ये २०११ पासून तरंगत्या सरगॅसमचा पट्टा बनू लागला. २०१८ मध्ये तो ८,८५० किलोमीटर लांब आणि दोन कोटी टनांहून जड होता. नद्यांतून येणारी पोषकद्रव्ये त्याच्या कारणांपैकी एक मानली जातात. म्हणून शेवाळाचे वजन बघून किनाऱ्याचे आरोग्य कळत नाही. कातळावर नुसती हिरवी उल्वाच माजली असेल तर पाण्यात सांडपाणी असल्याचा संशय घ्यावा. लाल, तपकिरी, हिरवी अशी अनेक कुळे आपापल्या पट्ट्यात नांदत असतील तर पाणी बरे असावे. डोळ्यांना सुखावणारी विविधता आणि शास्त्राला हवी असलेली विविधता इथे एकाच मोजणीत सापडतात.

उरतो शेवटचा आक्षेप: यात नाशिकने काय करायचे? भूगोल पाहिला तर संबंध लांबचा नाही. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली गोदावरी अरबी समुद्र जवळ असूनही पाठ फिरवून सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला जाते. त्याच डोंगररांगांतली वैतरणा पश्चिमेला उतरून अरबी समुद्राला मिळते. या जिल्ह्यातले वाहून गेलेले नत्र दोन्ही समुद्रांचे देणे आहे. आणि बाजार पाहिला तर शेवाळ अर्काचा गिऱ्हाईक इथला आहे, गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय लेबल बदलत नाही. द्राक्ष बागायतदाराला हे अवघड नाही. युरोपात माल पाठवताना कीडनाशकांच्या अंशाचे अहवाल आणि बागेची नोंदणी त्याच्या अंगवळणी पडली आहे. आपल्या मालाचा माग दाखवणाऱ्याने विकत घेतलेल्या मालाचा माग मागावा, एवढेच. शेवाळाची जात कोणती, देश आणि किनारा कोणता, लागवडीचे की रानातले, ही तीन उत्तरे लेबलवर असावीत. किंमत थोडी वाढेल. पण ज्या अर्कामागचे शेवाळ संपत चालले आहे त्याची किंमत तशीही वाढणारच, आणि ती वाढ कोणाच्या नियंत्रणात नसेल. राज्याने करायचे तेही याच क्रमाने: आधी येत्या बहरांत कोकणच्या निवडक कातळांची मोजणी, मग शेवाळाच्या समृद्ध कातळांना किनारा नियमनाच्या संवेदनशील यादीत स्थान, आणि त्या नकाशावर बेतलेली स्थानिक कुळांची लागवड. मोजणीला मोठे भांडवल लागत नाही. किनारपट्टीच्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत, समुद्रविज्ञान संस्था गोव्यात शेजारी आहे, आणि भरतीचे कोष्टक वर्षभर आधी छापलेले मिळते. शेवाळाचा उद्योग महाराष्ट्रात उद्या येवो वा दहा वर्षांनी येवो, तो येईल तेव्हा किनाऱ्याने काय गमावले हे सांगणारी जुनी नोंद हातात असली पाहिजे. ती आज केली नाही, तर नंतर पैसे टाकूनही करता येणार नाही.